दोन कार्डं, एक चित्र

दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्या आईच्या दरबारात घरातल्या एकेका वस्तूचा खटला. यंदा कॉम्प्युटर टेबलाच्या सगळ्यात खालच्या ड्रॉवरवर वेळ आली. त्यातून निघालं काय, तर दोन मेलेले माउस, डबीभर स्क्रू, कुठल्याशा जुन्या मोबाईलचा चार्जर आणि बोटभर लांबीची एक पट्टी. पट्टीच्या दोन्ही टोकांना खाचा, बाकी काही नाही. "हे काय आहे? टाकू का?" आईने विचारलं. मी म्हटलं, "राहू दे." "कशाला लागतं?" "कशालाच लागत नाही, पण राहू दे."

असल्या उत्तराने आईचं समाधान होत नाही, तुमचंही होऊ नये. म्हणून जरा सविस्तर लिहितो. ही पट्टी म्हणजे एका कॉम्प्युटरमधली दोन ग्राफिक्स कार्डं एकमेकांना जोडणारा पूल. तिचं इंग्रजी नावही 'ब्रिज'च. १९९८ पासून २०२० पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, जगभरातल्या खेळवेड्या पोरांचं (आणि टक्कल पडायला लागलेल्या पोरांचंही) हे एक स्वप्न होतं.. एकाच्या जागी दोन कार्डं. आज ते जवळपास कोणी बघत नाही. दादा हे वाचेलच. त्याला एक जुनी कबुली द्यायची आहे, ती मधे कुठेतरी येईल.

आमच्या काकूंसारख्या वाचकांसाठी आधी थोडं. कॉम्प्युटरवरचा खेळ म्हणजे भराभर काढलेली चित्रं. सेकंदाला ६० चित्रं आली तर डोळ्याला सलग हालचाल वाटते. त्यातल्या एका चित्राला फ्रेम म्हणतात. प्रत्येक फ्रेममध्ये लाखो ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याचा रंग गणित करून ठरवायचा. हे गणित जे करतं ते ग्राफिक्स कार्ड. एकाला जमत नसेल तर दोघांना लावा, ही कल्पना कुणालाही सुचेल. जात्यावर दोघी बसल्या की दळण लवकर होतं, तसंच. फक्त खुंटा दोघींनी एकाच लयीत ओढावा लागतो, आणि इथून पुढची सगळी गोष्ट त्या लयीचीच आहे.

पहिला मान थ्रीडीएफएक्स या कंपनीचा. सिलिकॉन ग्राफिक्समध्ये काम केलेल्या मंडळींनी १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेली ही कंपनी. १९९६ मध्ये त्यांचं वूडू कार्ड आलं आणि १९९८ च्या सुरुवातीला वूडू टू. हे कार्ड फक्त त्रिमिती खेळांपुरतं. एरवीचा विंडोजचा पडदा दाखवायला नेहमीचं साधं कार्ड लागायचंच. साध्या कार्डातून एक केबल बाहेर निघून वूडूत शिरायची, आणि वूडूतून मॉनिटरकडे जायची. कॉम्प्युटरच्या पाठीमागे केबलींचा हा द्राविडी प्राणायाम. तर या वूडू टूची खुबी अशी की मदरबोर्डवर आणखी एक पीसीआय स्लॉट मोकळा असेल तर तिथे दुसरं वूडू टू बसवायचं, दोघांमध्ये आतून एक चपटी केबल लावायची आणि झालं. म्हणजे साधं एक आणि वूडू दोन, अशी तीन कार्डं एका डब्यात!

कामाची वाटणी इतकी सुबक होती की मला अजूनही तिचं कौतुक वाटतं. तेव्हाचे मॉनिटर काचेच्या नळीचे. त्यात चित्र वरून खाली एकेक आडवी ओळ असं उमटायचं. थ्रीडीएफएक्सने ठरवलं की सम ओळी एका कार्डाने काढायच्या, विषम ओळी दुसऱ्याने. याचं नाव स्कॅन-लाइन इंटरलीव्ह, म्हणजे एसएलआय. आता बघा, एका ओळीत जेवढं काम आहे जवळपास तेवढंच तिच्या खालच्या ओळीत असणार. एकीत राक्षसाचं नाक असेल तर शेजारच्या ओळीतही ते नाक असतंच. त्यामुळे काम आपोआप निम्मं-निम्मं वाटलं जायचं. कोणी मुकादम लागत नव्हता. खेळ लिहिणाऱ्यालाही काही वेगळं करावं लागत नव्हतं.

फायदाही नुसता वेगाचा नव्हता. वूडू टूमध्ये चित्रासाठी ४ एमबी मेमरी राखून ठेवलेली. त्यात ८०० बाय ६०० चं चित्र मावायचं, म्हणजे पावणेपाच लाखांहून थोडे जास्त ठिपके. १०२४ बाय ७६८ चं, पावणेआठ लाखांच्या वरचं चित्र मावतच नव्हतं. दोन कार्डांत अर्धं-अर्धं वाटल्यावर मावलं. त्या काळी 'क्वेक टू' १०२४ बाय ७६८ ला सुरळीत चालताना बघणं म्हणजे काय असेल याची कल्पना करा. किंमत मात्र १२ एमबीच्या एका कार्डाला अमेरिकेत ३०० डॉलर. दोन घेतली तर त्या वेळच्या दराने चोवीस-पंचवीस हजार रुपये, तेही कस्टम ड्यूटी धरली नाही तर. त्या पैशांत आपल्याकडे जवळजवळ आख्खा कॉम्प्युटर मांडला जायचा. आमच्या डोंबिवलीत ते कोणाकडे असल्याचं मी ऐकलं नाही. आम्ही मासिकातला फोटो बघून समाधान मानलं.

एक गोम तेव्हापासूनच होती, ती इथेच सांगून ठेवतो कारण शेवटी तिचं काम आहे. भिंतींवर, चेहऱ्यांवर चिकटवायची जी चित्रं असतात, टेक्स्चर म्हणतात त्यांना, ती दोन्ही कार्डांना लागायची. म्हणून दोन्ही कार्डं तीच चित्रं आपापल्या मेमरीत वेगवेगळी ठेवायची. टेक्स्चरसाठीची ८ अधिक ८ एमबी ही १६ होत नव्हती, ८ च राहायची. पैसे दोनदा, कोठार एकच.

पुढे थ्रीडीएफएक्सचं वाटोळं झालं. १९९८ च्या शेवटी त्यांनी एसटीबी ही कार्डं बनवणारी कंपनी विकत घेण्याचं ठरवलं आणि आपली कार्डं आपणच बनवून विकू म्हणाले. म्हणजे जे कालपर्यंत त्यांच्या चिप घेत होते ते सगळे आता प्रतिस्पर्धी. ते गेले एनव्हिडियाकडे. १९९९ मध्ये एनव्हिडियाचं जीफोर्स २५६ आलं. थ्रीडीएफएक्स एकाच कार्डावर दोन चिप (वूडू ५ ५५००), चार चिप (वूडू ५ ६०००, हे दुकानात कधी आलंच नाही) असे प्रयोग करत राहिली आणि डिसेंबर २००० मध्ये आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकून मोकळी झाली. त्या मालमत्तेत एसएलआय ही तीन अक्षरंही गेली.

मधल्या काळात जोडी का जमली नाही, याचं कारण अगदी साधं आहे. जागाच नव्हती. १९९७ पासून ग्राफिक्स कार्डासाठी एजीपी नावाचा खास वेगवान स्लॉट आला आणि मदरबोर्डवर तो एकच असायचा. एटीआयने रेज फ्युरी मॅक्स नावाच्या कार्डावर दोन चिप बसवून पाहिल्या. तिथे वाटणी ओळींची नव्हती, फ्रेमची होती. पहिली फ्रेम एका चिपने, दुसरी दुसऱ्या चिपने, तिसरी पुन्हा पहिलीने. पण विंडोज २००० आल्यावर दुसरी चिप त्यात चालेचना. कार्ड विस्मृतीत गेलं, वाटणीची पद्धत मात्र राहिली. ती पुढे भोवणार होती.

२००४ मध्ये पीसीआय एक्सप्रेस आलं. एकापेक्षा जास्त मोठे स्लॉट देणं पुन्हा शक्य झालं आणि जूनमध्ये एनव्हिडियाने एसएलआय परत आणलं. अक्षरं तीच, अर्थ नवा: स्केलेबल लिंक इंटरफेस. जीफोर्स ६८०० च्या दोन कार्डांच्या माथ्यावर पट्टी बसवायची, ही आमच्या ड्रॉवरमधली पट्टी असते तशी. पहिल्या काही मदरबोर्डांवर दोन स्लॉटच्या मधे एक छोटंसं कार्ड असायचं. ते काढून उलटं करून बसवलं की एकाच कार्डाला मिळणारे सोळा मार्ग आठ-आठ असे दोघांत वाटले जायचे. पंख्याच्या रेग्युलेटरइतकं साधं! अशी हाताने उलटी करायची वस्तू आता मदरबोर्डवर सापडत नाही.

पण सम-विषम ओळींची ती जुनी वाटणी परत आली नाही. सहा वर्षांत खेळ बदलले होते. आता एका ठिपक्याचा रंग ठरवताना शेजारच्या ठिपक्यांना विचारावं लागे (धूसरपणा, चकाकी वगैरे यातूनच येतं). शेजारची ओळ दुसऱ्या कार्डात असेल तर विचारणार कोणाला? म्हणून दोन नवे मार्ग. एक म्हणजे चित्र आडवं कापायचं, वरचा भाग एकाला, खालचा दुसऱ्याला. पण वर असतं आकाश आणि खाली असते लढाई. वरचा रिकामा बसतो, खालचा घाम गाळतो. मग कापायची रेघ सतत वरखाली सरकवत बसायची. दुसरा मार्ग रेज फ्युरीचा: एक आड एक फ्रेम. त्यातून आकडा सगळ्यात चांगला यायचा, म्हणून तोच मार्ग रूढ झाला.

एटीआयने २००५ मध्ये क्रॉसफायर आणलं. त्यांची पहिली आवृत्ती जरा ओढूनताणून केलेली. त्यात एक 'मास्टर' कार्ड वेगळं घ्यावं लागे आणि दोघांना जोडणारी केबल कॉम्प्युटरच्या बाहेरून, पाठीमागून. पुन्हा वूडूचीच आठवण! एक्स८५० च्या त्या जोडीला १६०० बाय १२०० च्या वर सेकंदाला ६० पेक्षा जास्त फ्रेम मॉनिटरकडे पाठवताच येत नव्हत्या. पुढे त्यांच्याही पट्ट्या आत आल्या. त्यांनी आणखी एक वाटणी करून पाहिली होती, बुद्धिबळाच्या पटासारखी. काळी घरं एकाला, पांढरी दुसऱ्याला. कागदावर ती मला सगळ्यांत देखणी वाटते. चालली नाही फारशी.

आता मुद्द्याचं. एक आड एक फ्रेम काढायची तर कोणत्या खेळात ते चालेल, कोणत्या नाही, कुठे काय सांभाळायचं, हे कोणीतरी ठरवायला हवं. हे काम ड्रायव्हर लिहिणाऱ्यांकडे आलं. प्रत्येक खेळासाठी ड्रायव्हरमध्ये एक नोंद, तिला प्रोफाइल म्हणत. नोंद असेल तर दोन्ही कार्डं कामाला लागायची, नसेल तर एक काम करायचं आणि दुसरं नुसतं वीज पीत बसायचं. नवा खेळ आला की लोक प्रोफाइलची वाट बघायचे. धीर नसलेले खेळाच्या फाइलचं नाव बदलायचे. एटीआयच्या ड्रायव्हरमध्ये एक ठरावीक नाव होतं, ते दिलं की ड्रायव्हरला वाटायचं हा खेळ ओळखीचा आहे आणि तो दुसऱ्या कार्डाला उठवायचा. म्हणजे दुसऱ्याच्या नावाचा पास दाखवून आत शिरायचं :)

१९९८ मध्ये ही जोड एका तारेत होती. लावली की लागली. २००४ नंतर ती जोड दूर कुठेतरी ऑफिसात बसलेल्या माणसांच्या दर महिन्याच्या कष्टात होती. आपण खोक्यातून दोन कार्डं घरी आणायचो, पण त्यांना एकत्र ठेवणारी गोष्ट खोक्यात नसायची. हे मला तेव्हा मुळीच कळलेलं नव्हतं.

कळलं असतं तर दादाचे पैसे वाचले असते.

२००८ मध्ये मी पहिलं कार्ड घेतलं, तेरा हजारांना. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दुखणं दोन्ही घरी सारखंच होतं.) मदरबोर्ड घेताना दोन स्लॉटवाला घेतला, चार हजार जास्त देऊन. त्यामागचं तर्कशास्त्र ते, ज्याने हजारो लोकांचे खिसे हलके झाले: आज एक घेऊ, दुसरं वर्षा-दोन वर्षांनी स्वस्त झालं की घेऊ. २००९ च्या दिवाळीत दादाने बोनसमधून आठ हजार दिले. लॅमिंग्टन रोडवरून तेच मॉडेल, वापरलेलं, टॉवेलमध्ये गुंडाळून लोकलने घरी आणलं. पट्टी बसवली. एसएमपीएस आधीच मोठा घेऊन ठेवला होता. पण घरचा ६०० व्हीएचा यूपीएस दोन्ही कार्डं जोरात आली की किंचाळून बंद पडायचा. तेव्हा लोडशेडिंग होतं, म्हणजे यूपीएसशिवाय चालायचं नाही आणि यूपीएसवर खेळायचं नाही. शेवटी वीज जाण्याच्या वेळा कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या आणि मधल्या वेळात खेळू लागलो.

दादाला गाड्यांच्या शर्यतीचा खेळ आवडायचा. पहिल्या रविवारी त्याला बसवलं. एका कार्डावर सेकंदाला छत्तीस-सदतीस फ्रेम यायच्या, आता कोपऱ्यातला आकडा अठ्ठावन्न दाखवत होता. दोन वळणं घेऊन दादा म्हणाला, "अडखळतंय रे." मी म्हटलं, "शक्यच नाही. आकडा बघ." त्याने पुन्हा एक वळण घेतलं. "तुझा आकडा काय म्हणायचं ते म्हणू दे, मला गाडी ठेचकाळल्यासारखी वाटते. आधी बरं होतं." मी त्याला फ्रेम म्हणजे काय इथपासून समजावलं. तो म्हणाला, "बरं बाबा." त्यानंतर तो खेळायला फारसा बसला नाही. मी समजलो, ऑफिसचं काम वाढलं असेल.

खरं सांगायचं तर ती ठेच मलाही दिसत होती. पण आठ हजार गेले होते आणि आकडा माझ्या बाजूने होता.

ही ठेच म्हणजे काय ते समजायला आपला बसस्टॉप पुरे. वेळापत्रकात लिहिलेलं असतं दर पंधरा मिनिटांनी बस. प्रत्यक्षात अर्धा तास काही नाही आणि मग दोन बस एकामागोमाग. तासाला बस किती? चारच. वेळापत्रक खोटं नाही. पण स्टॉपवर उभ्या माणसाला विचारा. एक आड एक फ्रेमच्या जोडीत नेमकं हेच व्हायचं. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे दर साडेसोळा मिलिसेकंदांना एक यायला हवी. पण दोन्ही कार्डांची लय जुळली नाही तर एक फ्रेम तीन मिलिसेकंदांत येते आणि पुढची तीसने. सरासरी तीच राहते. डोळ्याला मात्र त्या दोन फ्रेम मिळून एकच वाटते, म्हणजे खरी चाल तिसाच्या आसपास. एका कार्डाच्या संथ पण नियमित छत्तिसापेक्षा वाईट. याला मायक्रो-स्टटर म्हणतात. शब्द आधीपासून होता, तक्रारीही होत्या. पण सेकंदाला किती फ्रेम एवढंच सगळे मोजत असल्यामुळे तक्रार करणाऱ्याला माझ्यासारखे लोक वेड्यात काढायचे.

मोजायची पद्धत बदलली ती २०११ मध्ये. टेक रिपोर्टच्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या आत शिरून एकेका फ्रेमला किती वेळ लागला ते मांडायला सुरुवात केली. आलेख बघूनच कळायचं. एका कार्डाची रेघ जरा वर पण सपाट, जोडीची रेघ खाली पण करवतीच्या दातांसारखी. २०१३ मध्ये त्याहून पक्की पद्धत आली. एनव्हिडियाच्या एका साधनाने प्रत्येक फ्रेमच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी उमटायची, मॉनिटरकडे जाणारा सिग्नल तसाच रेकॉर्ड करायचा आणि मग रंग मोजायचे. त्यात क्रॉसफायरच्या काही फ्रेम पडद्यावर जेमतेम काही ओळींच्या निघाल्या. आकड्यात त्यांची पूर्ण फ्रेम म्हणून गणती, डोळ्याला शून्य. (साधन प्रतिस्पर्ध्याचं होतं हे खरं, पण रंग कोणीही मोजून बघू शकत होतं.) एएमडीने, एटीआय २००६ मध्येच त्यांच्याकडे गेली होती, ऑगस्ट २०१३ मध्ये फ्रेम नीट अंतराने सोडणारा ड्रायव्हर काढला. वॉसन पुढे स्वतःच एएमडीत गेले.

तो करवतीचा आलेख मी २०१३ मध्ये ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत पहिल्यांदा नीट पाहिला. आमची दोन्ही कार्डं तोपर्यंत मोडीत गेली होती. दादा, तुझं बरोबर होतं. फोन करून सांगायचं ठरवलं होतं, राहून गेलं. तेव्हा राहिलं ते आजपर्यंत.

असो. दुखणं कळलं, औषधही सापडलं, तरी जोडी टिकली नाही याचं कारण वेगळंच. खेळच पुन्हा बदलले. कडा गुळगुळीत करायची एक नवी युक्ती या सुमारास रूढ झाली: आधीच्या फ्रेममधली माहिती घेऊन नवीन फ्रेम सुधारायची. अगदी विरजणासारखं. कालचं चमचाभर दही असेल तरच आजचं लागणार. आता फ्रेम एक आड एक वाटल्या असतील तर कालचं दही कायम शेजाऱ्याच्या फ्रीजमध्ये! दुसरं कार्ड पहिल्याचं काम संपेपर्यंत थांबणार, मग ती माहिती पट्टीवरून इकडे येणार, मग काम सुरू. मग दोघं कशाला हवेत? त्यात २०१३ मध्ये प्लेस्टेशन फोर आणि एक्सबॉक्स वन आले. मोठे खेळ आधी त्यांच्यासाठी लिहिले जायचे आणि त्यांच्यात ग्राफिक्सची चिप एकच. दोन कार्डांचा विचार करायला खेळ लिहिणाऱ्याला काही कारण उरलं नव्हतं.

आणि नेमक्या त्याच वेळी काम त्याच्याच गळ्यात पडलं. २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर डायरेक्टएक्स १२ आलं. त्यात ड्रायव्हरने मागच्या दाराने जोडी चालवायची सोय जवळपास संपली. कार्डं कितीही असोत, कुठल्याही कंपनीची असोत, वाटणी खेळाने स्वतः करावी. स्वातंत्र्य म्हणाल तर अफाट होतं. 'अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी' हा २०१६ चा खेळ एनव्हिडिया आणि एएमडीची कार्डं शेजारी शेजारी बसवून चालवून दाखवायचा. सासू-सुनेला एका जात्यावर बसवल्यासारखं. मोजक्या खेळांनी हे मनापासून केलं. बाकीच्यांनी हिशेब केला की आपल्या गिऱ्हाइकांत दोन कार्डंवाले किती, आणि त्यांच्यासाठी किती माणसांनी किती महिने घालवायचे. तारेकडून ड्रायव्हरकडे आणि ड्रायव्हरकडून खेळाकडे, असं ते ओझं खाली खाली आलं आणि शेवटच्याने ते उचललंच नाही. मला त्याला दोष देववत नाही.

पुढचा उतार झपाट्याचा. मे २०१६ मध्ये जीफोर्स १०८० जाहीर करताना एनव्हिडियाच्या जेन्सन हुआंग यांनीच सांगितलं की हे एक कार्ड मागच्या पिढीच्या दोन ९८० च्या जोडीपेक्षा वेगवान आहे. 'दुसरं नंतर घेऊ'वाल्या माझ्यासारख्यांचा निकाल इथेच लागला. दुसरं स्वस्त होईपर्यंत नवीन एकच त्या दोघांना मागे टाकतं, आणि एकाला ना पट्टी लागते ना प्रोफाइल. त्याच वर्षीच्या मधल्या किमतीच्या १०६० वर पट्टीची खाचच नव्हती. २०१८ नंतर वरच्या मोजक्या कार्डांवर ती राहिली. एएमडीने २०१९ च्या आरएक्स ५७०० मालिकेत क्रॉसफायर दिलं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये आलेलं १५०० डॉलरचं आरटीएक्स ३०९० हे त्या पिढीतलं जोडीची सोय असलेलं तेव्हाचं एकमेव कार्ड होतं, आणि त्याच महिन्यात एनव्हिडियाने जाहीर केलं की १ जानेवारी २०२१ पासून नवीन प्रोफाइल लिहिणार नाही. २०२२ चं ४०९० आलं तेव्हा खाच गेली होती. कार्ड मात्र इतकं जाड की जुन्या काळची जोडी त्याच्या एकट्याच्या जागेत बसली असती.

गंमत म्हणजे त्या ३०९० च्या जोड्या परत दिसायला लागल्या आहेत. लोक वापरलेली दोन घेऊन घरी बसवतात, ती भाषेची मॉडेलं चालवायला. एकात २४ जीबी, दोघांत मिळून ४८. मॉडेलचे थर असतात, अर्धे एका कार्डात ठेवायचे आणि अर्धे दुसऱ्यात. इथे मेमरीची बेरीज खरोखर होते, जी टेक्स्चरच्या बाबतीत वूडूपासून कधी झाली नाही. पट्टीही असलीच पाहिजे असं नाही. साडेसोळा मिलिसेकंदांचा तगादा नाही, एक थोडं मागे राहिलं तर उत्तर जरा उशिरा येईल एवढंच. आमच्या भाच्याने अशी एक जोडी पुण्यात लावली आहे. मागच्या महिन्यात बघून आलो. दोन्ही कार्डांचे पंखे घोंगावत होते आणि मॉनिटर जोडलेलाच नव्हता. मला त्या खोक्यापुढे उभं राहून चुकल्यासारखं झालं.

ती पट्टी आईने टाकली नाही. बटणांच्या डब्यात ठेवली आहे. दादा, तू भाऊबीजेनंतर येशील तेव्हा बघ.